हजेरीचा दंड आणि हातातला हुन्नर : एक धागा

१/
१९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून हंटर आयोगासाठी एक इंग्रजी निवेदन लिहिले गेले. लिहिणारे होते जोतीराव गोविंदराव फुले. ब्रिटिश हिंदुस्थानातील शिक्षणाची तपासणी करण्यासाठी त्याच वर्षी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली हा आयोग नेमण्यात आला होता. फुल्यांच्या निवेदनातील सक्तीच्या शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच पानांत असलेली दुसरी मागणी मात्र फारशी उद्धृत होत नाही.

२/
पहिली मागणी अशी की प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचे असावे. दुसरी होती शाळेत काय शिकवावे याविषयी. मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, आरोग्य आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान एवढे तर हवेच. शिवाय प्रत्यक्ष प्रात्यक्षिकासाठी शाळेला जोडून एक लहानसे आदर्श शेत असावे, असे फुल्यांनी सुचवले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यात ज्यांना कमीपणा वाटणार नाही असे असावेत, हा त्यांचा आग्रह होता.

३/
सरकारी हायस्कुलांवरचा त्यांचा आक्षेपही याच धाग्यातला आहे. तेथील अभ्यासक्रम व्यवहाराच्या उपयोगाचा नाही, त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे तयार होतात, असे त्यांचे म्हणणे. ज्यांनी स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतली, पुण्याजवळ शेती केली, त्यांचे हे मत होते. ते पुस्तकी नव्हते.

४/
म्हणजे 'मुले शाळेत का येत नाहीत?' या प्रश्नाची दोन उत्तरे १८८२ सालीच एका कागदावर शेजारी शेजारी होती. एक : पालकांच्या गरिबीमुळे आणि सरकारच्या उदासीनतेमुळे, म्हणून सक्ती, शिष्यवृत्त्या, बक्षिसे. दुसरे : शिकवले जाते ते जगण्याशी जुळत नाही; म्हणून शेती, हुन्नर, व्यवहार. पुढची दीडशे वर्षे बहुतेक सरकारांनी यांपैकी एकच उत्तर उचलले. फुल्यांनी दोन्ही एकत्र मांडली होती, आणि त्यातही शिक्षक कोण असावा ही अट घालून.

५/
हंटर आयोगाचा अहवाल १८८३ मध्ये आला. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात, अशी त्यात शिफारस होती : 'अ' वाट विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे जाणारी, 'ब' वाट व्यापार-उदीम आणि इतर व्यवसायांकडे नेणारी. कागदावर सुंदर. पण सरकारी नोकरीचा आणि प्रतिष्ठेचा रस्ता मॅट्रिकमधूनच जात होता, त्यामुळे 'ब' वाटेवर फारसे कोणी वळले नाही. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. बाजारात ज्या नाण्याला किंमत होती तेच त्यांनी मुलाच्या हाती दिले.

६/
आता बडोद्याकडे वळू. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली दत्तक घेतला गेला आणि सयाजीराव गायकवाड म्हणून गादीवर बसला. १८८१ अखेर राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती आले. पुढच्या दशकात या संस्थानात दोन प्रयोग जवळपास एकाच वेळी झाले, आणि ते एकमेकांशेजारी ठेवून वाचायला हवेत.

७/
पहिला प्रयोग हजेरीचा. १८९३ मध्ये काठेवाडातील अमरेली तालुक्यात, मोजक्या गावांपुरती प्राथमिक शिक्षणाची सक्ती लागू झाली. आठ वर्षे निरीक्षण केल्यावर १९०१ मध्ये ती संपूर्ण तालुक्यात आली आणि १९०६ मध्ये कायद्याने साऱ्या संस्थानात. मुलांना बाराव्या, मुलींना दहाव्या वर्षापर्यंत शाळा बंधनकारक. मूल न पाठवणाऱ्या पालकास दंड. मुलींचा समावेश पहिल्यापासून होता, हे विशेष. कारण पुढे पुण्यात याच मुद्द्यावर मोठे रण माजले.

८/
१९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोदा हा त्यांचा हुकमी दाखला होता. बडोद्यात शाळेच्या वयातील पाचांपैकी जवळजवळ चार मुलगे शाळेत आहेत, ब्रिटिश मुलखात पाचांपैकी जेमतेम एक. मुलींच्या बाबतीत बडोद्यात जवळपास निम्म्या, तर ब्रिटिश मुलखात शंभरात चार, अशी तुलना त्यांनी केली. एक संस्थानिक करू शकतो ते साम्राज्याला का जमू नये, हा सवाल बिनतोड होता. तरी मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले.

९/
पण पटावरचे नाव म्हणजे हजेरी नव्हे. बडोद्यात दंड वर्षानुवर्षे वसूल होत राहिले. गैरहजेरी संपली नव्हती याची ती रोकड साक्ष आहे. सुगीच्या दिवसांत गुराखी पोराची किंमत घरात किती असते, हे ज्याने शेत पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. शिवाय बाराव्या वर्षी शाळा सुटलेले मूल चार-पाच वर्षांत अक्षरे विसरते, हेही ध्यानात आले. सयाजीरावांनी त्यावर शोधलेला उपाय म्हणजे ग्रंथालये. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून त्यांनी गावोगाव वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचे कौतुक स्वतंत्रपणे केले जाते. तिचे मूळ मात्र शाळेच्या गळतीत आहे.

१०/
दुसरा प्रयोग कलाभवनाचा, १८९० चा. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ. चित्रकला, वास्तुकला, यंत्रविद्या, विणकाम, रंगकाम आणि कापडछपाई असे विषय. गज्जरांचा हट्ट असा की तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून दिले तरच ते कारागिराच्या पोरापर्यंत पोहोचेल. त्यासाठी गुजरातीत शास्त्रीय ग्रंथ तयार करून घेण्याचा उद्योग त्यांनी आरंभला. मुंबईत १८८७ साली स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट गिरण्यांच्या गरजेतून उभी राहिली होती. कलाभवनाची कल्पना त्याहून रुंद होती.

११/
येथे एक उपकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले. ते डाग काही केल्या निघेनात. अखेर पुतळा स्वच्छ केला तो याच गज्जरांनी, आपल्या रसायनविद्येच्या बळावर. एकाच पुतळ्यापाशी पुण्याचे क्रांतिकारक आणि बडोद्याचे माजी प्राचार्य अशी गाठ पडावी, ही इतिहासाची गंमत.

१२/
कलाभवनातून काय निघाले? दादासाहेब फाळके तेथे चित्रकला शिकले; 'राजा हरिश्चंद्र'ला त्यानंतर वीसहून अधिक वर्षे होती. १९०७ मध्ये बडोद्यात उभ्या राहिलेल्या ॲलेंबिक या रसायन कारखान्याच्या संस्थापकांत गज्जर स्वतः, त्यांच्यासोबत कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन होते. थोडक्यात, हुन्नराच्या शाळेतून उद्योग जन्मू शकतो हे सिद्ध झाले.

१३/
तरीही दोन्ही प्रयोगांना जोडणारा पूल बांधला गेला नाही. अमरेलीतला सक्तीने शाळेत आलेला शेतकऱ्याचा मुलगा बाराव्या वर्षी मोकळा होई. कलाभवनाच्या दारापर्यंत जायला मधली माध्यमिक शाळा लागे, आणि ती ना सक्तीची होती ना त्याच्या आवाक्यातली. पुढे कलाभवन हळूहळू पदविकांकडे आणि मग १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेकडे सरकले. कारागिरासाठी काढलेली संस्था अभियंत्यांची झाली. याला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल, पण मूळ हेतू मागे पडला हे खरे.

१४/
कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल न पाठवल्यास महिन्याला एक रुपया दंड. पण शाहूंची खरी करामत दंडात नव्हती, वसतिगृहांत होती. १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींची बोर्डिंगे उभी राहिली. गावात माध्यमिक शाळा नाही आणि शहरात राहायला जागा नाही, ही ग्रामीण विद्यार्थ्याची अडचण शाहूंनी नेमकी ओळखली. हजेरीचा प्रश्न पुष्कळदा छपराचा आणि भाकरीचा असतो.

१५/
ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला सक्तीचा कायदा मुंबई इलाख्यात आला तो १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांनी. तो नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा देणारा होता, भाग पाडणारा नव्हे. मुभा मिळताच पुण्यात वाद पेटला. सक्ती आधी मुलांपुरती असावी, कारण पैसा अपुरा आहे, ही टिळकांच्या पक्षाची भूमिका. मुलींना वगळून सक्ती नको, ही विठ्ठल रामजी शिंदे आणि अनेक स्त्रियांची. १९२० मध्ये या प्रश्नावर पुण्याच्या रस्त्यांवर स्त्रियांचा मोर्चा निघाला. ज्या गोष्टीचा निकाल बडोद्यात चौदा वर्षांपूर्वी लागला होता, ती विद्येच्या माहेरघरी अजून चर्चेत होती.

१६/
१२ मार्च १९२७. मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, असे त्यांनी दाखवून दिले. दोन वर्षांनी हार्टोग समितीचा अहवाल आला, त्यातही अखिल भारतीय हिशेबात हाच आकडा होता : १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या शंभरांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत अठरा.

१७/
आकडा तोच, अनुमान मात्र वेगळे. हार्टोग समितीने हा पैशाचा अपव्यय मानला आणि शाळांची संख्या वाढवण्याऐवजी आहेत त्यांचा दर्जा सुधारा, मुलांना मधल्या टप्प्यावर औद्योगिक आणि व्यापारी शिक्षणाकडे वळवा, असा सूर लावला. आंबेडकरांनी तोच आकडा सरकारने अधिक खर्च करावा म्हणून मांडला. मुलाने गळून पडणे ही मुलाची निवड नसून व्यवस्थेची जबाबदारी आहे, हा त्यामागचा विचार.

१८/
मग वर्धा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा तयार केला : सात ते चौदा वयापर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे त्या उद्योगाला. मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांनी या योजनेवरील केंद्रीय समित्यांचे अध्यक्षपद सांभाळले. फुल्यांनी एकत्र मांडलेली दोन उत्तरे, सक्ती आणि हुन्नर, पहिल्यांदाच एका योजनेत आली.

१९/
अडचण होती ती 'स्वावलंबना'त. मुलांनी कातलेल्या सुताच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, ही अपेक्षा होती. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी परिषदेतच तिच्यावर टीका केली : अशाने शाळा कारखाना होईल आणि मूल मजूर. टीका रास्त होती. उत्पन्नाचा हिशेब एकदा शाळेत शिरला की शिकणे मागे पडते. शहरी मध्यमवर्गाने तर ही योजना गावच्या मुलांसाठी उत्तम म्हणून वाखाणली आणि आपली मुले इंग्रजी हायस्कुलांत धाडली.

२०/
या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोचरा प्रसंग महाराष्ट्राबाहेरचा आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुले दिवसातून तीनच तास शाळेत बसतील. उरलेला वेळ घरी वडिलांचा व्यवसाय शिकतील. त्यामागचे गणित सरळ होते : एकाच इमारतीत, त्याच शिक्षकांकडून, दोन पाळ्यांत दुप्पट मुले शिकतील. हजेरी वाढेल आणि हुन्नरही टिकेल.

२१/
पण वडिलांचा व्यवसाय म्हणजे काय? कुंभाराच्या मुलाने चाक, चांभाराच्या मुलाने आरी, शेतमजुराच्या मुलाने पुन्हा मजुरी. पेरियार रामसामी यांनी योजनेला 'कुलक्कल्वि', म्हणजे कुलपरंपरेचे, जातीचे शिक्षण असे नाव दिले आणि ते नाव जनमानसात कायमचे चिकटले. आंदोलने झाली, काँग्रेस पक्षातही फूट पडली. एप्रिल १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाले आणि मे महिन्यात योजना रद्द झाली.

२२/
राजाजींचा हेतू जातिव्यवस्था टिकवण्याचा होता की केवळ काटकसरीचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण परिणामाच्या दृष्टीने हेतूला दुय्यम स्थान द्यावे लागते. जेथे धंदा जन्माने ठरतो, तेथे 'घरचा धंदा शिका' हे वाक्य निरुपद्रवी राहूच शकत नाही. कामराजांनी हजेरीचा प्रश्न वेगळ्याच टोकाने धरला : १९५६ पासून शाळांत दुपारचे जेवण. मद्रास शहरात असा प्रयोग जस्टिस पक्षाच्या काळात, १९२० च्या सुमारास, आधी होऊन गेला होता. कामराजांनी तो राज्यभर नेला.

२३/
मद्रासच्या शेजारी साताऱ्याचे चित्र ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. एके काळी किर्लोस्करांचे नांगर विकत हा माणूस गावोगाव हिंडला होता. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले आणि १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, जेथे श्रम करून फीविना शिकता येई. 'कमवा आणि शिका' हे सूत्र तेथले.

२४/
येथेही मुले कुदळ-फावडे हाती घेत. पण ब्राह्मणेतर, मराठा, मुसलमान, महार, जैन अशी सारी मुले तेच काम करत आणि एकाच पंगतीत जेवत. श्रम ही हायस्कूलची फी होती, आयुष्याची वाट ठरवणारा शिक्का नव्हता. मद्रासमध्ये मुलाला हुन्नराने घराकडे परत नेले. साताऱ्यात त्याने गावाबाहेर पडायचा रस्ता काढून दिला. हाताच्या कामाचे शिक्षण चांगले की वाईट, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. काम कोण निवडतो, कोणाकोणाला करावे लागते, आणि ते केल्यावर पुढचे दार उघडे राहते का, हे पाहावे लागते.

२५/
स्वातंत्र्यानंतरचे टप्पे भराभर सांगता येतील. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय हायस्कुलांची कल्पना मांडली : तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललितकला, गृहविज्ञान असे गट एकाच छताखाली. यंत्रे मिळाली तेथे शिक्षक नव्हते, शिक्षक होते तेथे विद्यार्थी विज्ञान गटाकडे रांग लावत. 'ब' वाटेचीच ही पुनरावृत्ती.

२६/
१९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. ग्रामीण शाळा त्यांनी आतून पाहिलेली. कार्यानुभव सर्वांनाच असावा, असे आयोगाने सुचवले. १९८६ पर्यंत दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे व्यावसायिक शिक्षणात असावेत, हे उद्दिष्ट ठेवले. १९८६ साल उजाडले तेव्हा नव्या राष्ट्रीय धोरणाने तेच उद्दिष्ट १९९५ पर्यंत २५ टक्के इतके खाली आणले, आणि १९९२ च्या सुधारणेत ती मुदतही २००० पर्यंत पुढे ढकलली. महाराष्ट्रातील 'किमान कौशल्यावर आधारित' अकरावी-बारावीचे अभ्यासक्रम, म्हणजे बोलीभाषेतले एमसीव्हीसी, याच लाटेचे अपत्य. ज्याला सायन्स-कॉमर्स मिळाले नाही तो तिकडे जातो, हा शिक्का त्यांनाही पुसता आला नाही.

२७/
याच काळात पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ गावी एक निराळी वाट शोधली गेली. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. दुष्काळी गाव त्यांनी जाणूनबुजून निवडले. त्यांनी हायस्कुलासाठी बसवलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञाना'च्या विषयात आठवी ते दहावीची मुले-मुली आठवड्यातून एक दिवस लोखंडाचे जोडकाम, विजेची जोडणी, शेती-पशुपालन, अन्न व आरोग्य यांत काम करतात. शिकवायला गावातलेच कसबी लोक येतात, वस्तूही गावाच्या गरजेच्या बनतात. माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली.

२८/
या रचनेतली मेख अशी की वेगळी तुकडी नाही. वेल्डिंग करणारी मुलगी उरलेले दिवस बीजगणित शिकते आणि दहावीची तीच परीक्षा देते, जी इतर देतात. फुल्यांच्या निवेदनातील वाकस धरायला न लाजणारा शिक्षकही येथे सापडतो. मर्यादाही स्पष्ट आहे : प्रत्येक शाळेला जागा, अवजारे आणि मानधन लागते, आणि म्हणून हा प्रयोग राज्यातील बहुसंख्य हायस्कुलांपर्यंत गेलेला नाही.

२९/
२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा 'दप्तराविना' दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत त्यांनी स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकावे. सोबत एक आकडा आहे : २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय. कोठारी आयोगाचा आकडाही ५० च होता. फरक एका शब्दाचा आहे. तेव्हा विद्यार्थी त्या शिक्षणात 'दाखल' असणे अपेक्षित होते, आता 'परिचय' पुरेसा मानला आहे.